दुष्काळाचा निवाडा आणि चुकीचें मोल

पंढरपूर तालुक्यांतील करकंबच्या टापूंत पाऊस हात राखून पडतो. अशा मुलखांत ‘यंदा दुष्काळ आहे कीं नाहीं?’ हा प्रश्न आभाळाकडे पाहून सुटत नाहीं. त्याचा निवाडा सरकारदरबारीं व्हावा लागतो. निवाडा म्हटला कीं चूक आलीच, आणि ती दोन तऱ्हांची असते. धडधाकट गांवास दुष्काळी ठरविलें, तर तिजोरींतला पैसा वायां जातो. उपाशी गांवास सुकाळी ठरविलें, तर माणसें जातात. या दोन चुका एकाच तागडींत समान वजनानें घालाव्या काय?

इतिहास याचें उत्तर देतो. 1874 सालीं बिहारच्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून सढळ हातानें मदत केली. भूकबळी फार थोडे पडले. पण टेंपल यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. पुढें 1876 चा पाऊस फसला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. 1877 सालीं तेच टेंपल मद्रास व मुंबई इलाख्यांच्या पाहणीवर आले, तेव्हां कष्टाचें काम करणाऱ्या माणसास दिवसाला 1 पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा दंडक त्यांनीं सुचविला. एका चुकीची धास्ती घेतली कीं हात दुसऱ्या चुकीकडे कसा झुकतो, याचा हा धडा आहे.

पुढें 1880 सालीं दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व त्यांतून दुष्काळाचे कायदेशीर नियम घडले. पिकाची आणेवारी तर गांवोगांवच्या बोलण्यांतच मुरली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक; चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षाची शेतसाऱ्याची वसुली तहकूब व्हावी. 1918 सालचा खेडा जिल्ह्यांतील सत्याग्रह याच रेघेवर उभा राहिला. पीक चार आण्यांच्या वर आहे असें सरकार म्हणे. खालीं आहे असें शेतकरी म्हणत. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ-व्यवस्थापन नियमावलीनें एका रेघेऐवजीं प्रश्नांची मालिकाच दिली: प्रथम पाऊस, मग पेरणी, वनस्पतींची स्थिति, जमिनींतील ओल व जलसांठे, आणि शेवटीं शेतांवर जाऊन नमुन्याची पडताळणी.

एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाकडे जाणारी अशी फांद्यांची रचना म्हणजेच संख्याशास्त्रज्ञांचा ‘वर्गीकरण-वृक्ष’. ब्रायमन, फ्रीडमन, ओल्शेन व स्टोन या चौघांनीं 1984 सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें शास्त्र बांधलें. ज्या गांवांवरून वृक्ष बेतला त्याच गांवांवर त्याची परीक्षा घेणें म्हणजे विद्यार्थ्यास फोडलेली प्रश्नपत्रिका देणें होय. म्हणून गांवांचे दहा गट करावे, नऊंवरून वृक्ष बांधावा, दहाव्यावर तपासावा, आणि प्रत्येक गटाची पाळी यावी. यास क्रॉस-व्हॅलिडेशन, अर्थात् आळीपाळीची पडताळणी म्हणतात.

या पडताळणींतून येणारा आकडा वाचतांना पुष्कळांची फसगत होते. एक कल्पित उदाहरण घेऊं. गांवें 100, त्यांपैकीं 20 खरोखर दुष्काळी. दुष्काळी गांव हुकल्यास मोल 10, मदत व्यर्थ गेल्यास मोल 1. कांहींही न विचारतां सर्वांस सुकाळी म्हटलें, तर चुका 20 पण मोल 200. सर्वांस दुष्काळी म्हटलें, तर चुका 80 आणि मोलही 80. म्हणजे जास्त चुकांचाच नियम स्वस्त! तुलनेचा पाया म्हणून हे 80 धरावयाचे.

आतां पडताळणींत एका वृक्षानें 8 दुष्काळी गांवें हुकविलीं व 4 ठिकाणीं मदत व्यर्थ घालविली. चुका अवघ्या 12. पण मोल 84, म्हणजे पायाच्या 1.05 पट. कांहीं न विचारण्याहूनही हा वृक्ष वाईट. दुसऱ्यानें 2 गांवें हुकविलीं व 30 ठिकाणीं मदत व्यर्थ दिली. चुका 32, पण मोल 50, म्हणजे पायाच्या 0.625 पट. हा 0.625 ‘शेंकडा साडेबासष्ट गांवें चुकलीं’ असें सांगत नाहीं. ‘पायाच्या मोलापैकीं एवढें मोल उरलें’ एवढेंच सांगतो. तेव्हां आकड्याच्या शेजारीं हुकलेलीं गांवें व व्यर्थ मदत यांची वेगळी मोजदाद हवीच.

दुसरी सावधगिरी अशी: एक गांव हुकलें कीं मोल एकदम 10 नें चढतें, म्हणून थोड्या गांवांवर हा आकडा फार डगमगतो. यास्तव त्या चौघांनीं एक शहाणपणाचा नियम सुचविला: सर्वांत कमी आकड्यापासून एका प्रमाण-त्रुटीच्या आंत बसणाऱ्या वृक्षांतून सर्वांत लहान वृक्ष निवडावा.

आणि तो 10 चा आकडा? तो गणितांतून निघत नाहीं. माणसानेंच ठरवावा लागतो. तो उघडपणें न ठरविला, तर दोन्ही चुकांचें मोल सारखेंच धरलें जातें, आणि उपाशी माणूस व वायां गेलेलें पोतें एकाच भावानें मोजलें जातें. पडताळणीचा आकडा पुढें आला, तर करकंबच्या शेतकऱ्यानें प्रथम एवढेंच विचारावें: यांत माझें गांव हुकण्याचें मोल किती धरलें आहे, आणि तें कोणीं ठरविलें?