ओढ

'ओढ' म्हटले की पुष्कळांस माहेराची किंवा पंढरीची ओढ आठवते. उदगीरच्या शेतकऱ्याची दृष्टी मात्र आधी आभाळाकडे जाते. 'पावसाने ओढ दिली' असे तो म्हणतो, तेव्हा पाऊस कायमचा गेला असे त्यास म्हणावयाचे नसते. यावयाचा तो मागे खेचला गेला आहे, एवढेच. तोटा म्हणजे वस्तूच कमी. ओढ म्हणजे वस्तू कोठेतरी आहे, परंतु वेळेवर हाती येत नाही. ओढगस्तीच्या संसारातही मिळकत अगदीच नसते असे नव्हे. पांघरूण डोक्यावर घ्यावे तो पाय उघडे पडतात.

या शब्दाचा अर्थ उदगीरच्याच इतिहासावरून फार चांगला कळतो. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी येथील मोहिमेत निजामास नमविले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांची कीर्ती तेव्हाच झाली. तहात दौलताबादेसारखा किल्ला आणि सुमारे साठ लक्षांचा मुलूख मिळाला. साठ लक्ष! पण हा आकडा वार्षिक वसुलाचा. मुलूख ताब्यात यावा, अंमलदार बसावेत, पीक निघावे, हप्ता यावा, तेव्हा रुपया दिसणार. फौजेचे पोट तितके थांबत नाही. शिवाय पेशव्यांच्या डोक्यावर जुने कर्ज होतेच. मार्चात परतूरहून भाऊ उत्तरेस निघाले, आणि ऑगस्टात दिल्ली हाती येताच दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. उदगीरचा विजय अवघ्या सहा महिन्यांचा जुना होता! पुढे पैसा व रसद पोहोचविण्याची भिस्त ज्या गोविंदपंत बुंदेल्यांवर, ते डिसेंबरात मारले गेले; पानिपतावर अडकलेली छावणी १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी लढावयास निघाली. दारिद्र्याने पानिपत झाले असे म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. दौलत दक्षिणेत कागदावर होती, आणि भूक पानिपतावर होती.

सरकारी लिखाणात हल्ली 'टंचाईसदृश परिस्थिती' असा शब्दप्रयोग असतो. तो नेमका असेल. पण वस्तू आहे कोठे, हे त्यावरून कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये उदगीरच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, लातुरास, मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर आले. कृष्णाकाठी पाणी होते, मांजरेचे धरण कोरडे होते; मधल्या अंतरास शेतकऱ्याचा जुना शब्दच लागू पडतो.