आजार सांगावा की लपवावा? नोकरी, शिस्तभंग आणि कायदा

नोकरीवर रुजू होताना जे कागद हाती येतात, त्यांत एक पान आरोग्यविषयक घोषणापत्राचे असते. मधुमेह आहे का, फेफरे येतात का, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का, मानसिक उपचार घेतले आहेत का, अशा प्रश्नांपुढे 'होय' किंवा 'नाही' लिहायचे आणि खाली सही करायची. नोकरी मिळाल्याच्या आनंदात बहुतेक जण सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात. पुढे दोन-तीन वर्षांनी रजा वाढू लागल्या, वरिष्ठांशी खटके उडू लागले, की हेच पान फायलीतून बाहेर निघते आणि आजाराचा प्रश्न एकाएकी शिस्तीचा प्रश्न होऊन बसतो.

आजारी पडणे हे गैरवर्तन नाही, हे कोणताही मालक मान्य करील. कारवाई होते ती आजाराच्या भोवती घडणाऱ्या गोष्टींवरून. खोटी माहिती दिली, परवानगीवाचून गैरहजर राहिला, कामात चुका केल्या, साहेबांना उलट बोलला, ही आरोपपत्रातील नेहमीची कलमे. त्यांना उत्तर देताना कर्मचारी आजाराचा आधार घेतो, तेव्हा चौकशी अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, 'हे तुम्ही आधी कधी कळवले होते का?' या प्रश्नाचे लेखी उत्तर ज्याच्यापाशी असते त्याची बाजू भक्कम असते. ज्याच्यापाशी नसते, त्याचे म्हणणे पश्चातबुद्धी ठरण्याचा धोका असतो.

घोषणापत्रातील 'नाही'

या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आजही वाचण्याजोगा आहे. आयुर्विमा महामंडळात १९८९ साली सहायक म्हणून लागलेल्या एका महिलेने परिविक्षा काळात बाळंतपणाची रजा घेतली. रजा संपण्याआधीच, फेब्रुवारी १९९० मध्ये, तिला सेवेतून कमी करण्यात आले. तिने घोषणापत्रात मासिक पाळीविषयी चुकीची माहिती दिली, असे महामंडळाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते घोषणापत्र मागवून पाहिले. पाळी नियमित येते का, किती वेळा गर्भधारणा झाली, गर्भपात झाला आहे का, असे प्रश्न त्यात होते. न्यायालयाने तिला सेवेत परत घेण्याचा आदेश दिला आणि स्त्रीच्या लज्जेला व स्वाभिमानाला धक्का देणारे हे रकाने काढून टाकण्यास महामंडळाला सांगितले. हा निकाल ऑक्टोबर १९९१ चा. खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निःसंदिग्धपणे सांगितले ते २०१७ मध्ये, म्हणजे त्यानंतर सव्वीस वर्षांनी.

मात्र या निकालाचा अर्थ खोटे लिहिण्यास मुभा आहे, असा कोणी काढू नये. तिच्या बाबतीत विचारलेला प्रश्नच गैर होता, महामंडळाच्या डॉक्टरने तिला तपासून पात्र ठरवले होते आणि तिच्या कामाविषयी काही तक्रार नव्हती. आरोग्याविषयी सरसकट सगळ्याच प्रश्नांना बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही, आणि काही कामांत तर असे प्रश्न अटळ आहेत. रेल्वेच्या गाडीचालकासाठी दृष्टीचे निकष सर्वांत कडक असतात. वाहनचालक परवान्याच्या अर्जातही फेफऱ्याविषयी विचारले जाते. अशा ठिकाणी माहिती दडवणे म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळणे होय, आणि तेथे न्यायालयाकडून सहानुभूतीची अपेक्षा धरू नये. टेबलावर बसून करायच्या कामासाठी कोणी जुन्या नैराश्याची चौकशी केली, तर गोष्ट वेगळी. तेथे खोटे 'नाही' लिहिण्यापेक्षा रकाना कोरा सोडून 'कामास पात्र असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे' एवढेच लिहिणे अधिक शहाणपणाचे. गप्प राहणे आणि खोटे सांगणे यांत फार मोठा फरक आहे, आणि आरोपपत्र तयार होते ते बहुधा दुसऱ्यावरून.

एका आजाराच्या बाबतीत कायदा स्पष्टपणे रुग्णाच्या बाजूने उभा आहे, तो म्हणजे एचआयव्ही. येथे वाट मुंबई उच्च न्यायालयाने दाखवली. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी काम करणाऱ्या कामगाराचे नाव, रक्ततपासणीत एचआयव्ही आढळला म्हणून, यादीतून वगळण्यात आले होते. 'एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय.' या नावाने चाललेल्या खटल्यात १९९७ मध्ये न्यायालयाने ठरवले की, जो काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. दोन्ही पक्षांची खरी नावे निकालात नाहीत. हेच तत्त्व पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आले. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला हा कायदा खासगी आस्थापनांनाही बांधील आहे. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कोणालाही आपली एचआयव्हीविषयक स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही, आणि नोकरीसाठी ही चाचणी अट म्हणून घालता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत यासाठी तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आपल्या कचेरीत तो कोण आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

रजेचा अर्ज आणि गैरहजेरी

प्रत्यक्षात सर्वाधिक प्रकरणे उभी राहतात ती गैरहजेरीवरून. दहा दिवसांहून अधिक सलग विनापरवानगी गैरहजेरी हे जुन्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये गैरवर्तन म्हणून नोंदलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याची जागा घेतली असली, तरी कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील रीत फारशी बदललेली नाही.

आजारपणातील गैरहजेरीविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. गुप्तचर विभागातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, फेब्रुवारी २०१२ मध्ये, न्यायालयाने सांगितले की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय ते गैरवर्तन ठरत नाही. आजार, अपघात, रुग्णालयात भरती होणे अशा नाइलाजाच्या कारणांनी माणूस कामावर येऊ शकला नाही, तर त्याला कर्तव्यात कसूर म्हणता येणार नाही. कर्मचाऱ्यांचे वकील हा निकाल हमखास दाखवतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, चेन्नईच्या पाणीपुरवठा मंडळातील एका अभियंत्याची बडतर्फी मात्र त्याच न्यायालयाने कायम केली. तो सुमारे एक वर्ष सात महिने कामावर आला नव्हता, आणि कारवाईविरुद्ध दाद मागायलाही त्याने फार उशीर केला होता. आजाराचे कारण पुढे करणाऱ्या प्रत्येकाला पहिला निकाल लागू होत नाही, हे यावरून उमगावे.

तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसानेही, निदान घरच्यांकरवी, पहिल्या दोन-तीन दिवसांत लेखी कळवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. फोनवर साहेबांना सांगितले होते, याला चौकशीत फारशी किंमत नसते. ई-मेल करावा, किंवा अर्ज देऊन पोच घ्यावी. व्यवस्थापनाने आपल्या डॉक्टरकडे किंवा वैद्यकीय मंडळाकडे तपासणीस बोलावले, तर जावे. न जाण्याने खरा आजारही खोटा दिसू लागतो.

अर्जात किती सांगायचे, हा नाजूक प्रश्न आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रजेसाठीच्या प्रमाणपत्राचा जो नमुना आहे, त्यात आजाराचे नाव लिहिण्यास जागा ठेवलेली आहे. शिवाय कागदाच्या शिरोभागी 'मनोविकारतज्ज्ञ' किंवा 'कर्करोगतज्ज्ञ' असे छापलेले असले, की न सांगताही पुष्कळ सांगितले जाते. सरळ वरिष्ठाच्या टेबलावर असा कागद ठेवण्यापेक्षा तो बंद पाकिटात मनुष्यबळ विभागाकडे अथवा कंपनीच्या डॉक्टरकडे द्यावा, आणि वरिष्ठाला फक्त रजेचा कालावधी कळवावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती 'संवेदनशील' गणली, ती उगाच नव्हे. मालकाला खरोखर हवे असते ते आजाराचे नाव नव्हे, तर त्याचा कामावरील परिणाम: रात्रपाळी जमणार नाही, अमुक तासांनी औषध घ्यावे लागते, महिन्यातून दोन दिवस रुग्णालयात जावे लागते. तेवढे मोकळेपणाने आणि तारीख घालून लिहावे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत आपली कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, ही गोष्ट चौकशीच्या वेळी फार कामी येते.

नोटीस आल्यावर

कारणे दाखवा नोटीस हाती पडली की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक रागाने उत्तरच देत नाही, दुसरा घाबरून माफी लिहून देतो. आजारामुळे घडलेल्या गोष्टीची बिनशर्त माफी म्हणजे आरोपाची कबुलीच. आजार आधी सांगितला नसेल, तर तो सांगण्याची शेवटची योग्य वेळ हीच. न सांगण्याचे कारणही लिहावे. मानसिक आजार लोकलाजेपायी लपवला जातो, हे न्यायालयांनाही कळते.

या बाबतीत डिसेंबर २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सर्वांत मोलाचा ठरला आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर गैरवर्तनाबद्दल चौकशी सुरू झाली होती. तो २००९ पासून मंत्रचळ आणि नैराश्य यांवर उपचार घेत होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने म्हटले, की मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरे जाण्याचा धोका इतरांहून अधिक असतो, आणि म्हणून अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा एक प्रकार आहे. गैरवर्तनाला आजार हे एकमेव कारण होते, असे सिद्ध करण्याची गरज नाही. तो कारणांपैकी एक असला तरी पुरे. न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि जरूर पडल्यास त्याला शस्त्राशी संबंध नसलेल्या पदावर, वेतन कायम ठेवून नेमावे, असे सांगितले.

निलंबित केले गेल्यास कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते. विलंब त्याच्यामुळे झाला नसेल, तर त्यानंतर ७५ टक्के. नव्या संहितेप्रमाणे चौकशी सामान्यतः निलंबनापासून ९० दिवसांत संपवायची आहे.

खासगी नोकरीची अडचण

वरील निकाल वाचून खासगी कंपनीतील वाचकाने निर्धास्त होऊ नये. सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरीवरून काढता येणार नाही वा पदावनत करता येणार नाही, ही हमी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या विसाव्या कलमात आहे, पण ते कलम सरकारी आस्थापनांपुरते आहे. खासगी आस्थापनांवर समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन आहे आणि भेदभावाविरुद्धचे सर्वसाधारण तत्त्व आहे, एवढेच. कायद्याच्या परिशिष्टात मानसिक आजार, कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, सिकलसेल यांची नावे आहेत, मधुमेहाचे नाही. हृदयविकाराचेही नाही.

त्यातही जे 'कामगार' या व्याख्येत बसतात, त्यांना औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते. व्यवस्थापक किंवा दरमहा १८ हजारांहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षक तिच्याबाहेर राहतो. त्याच्या हाती नेमणूकपत्रातील करार आणि दिवाणी दावा उरतो, आणि दिवाणी न्यायालयाकडून मिळाली तर नुकसानभरपाई मिळते. नोकरी परत मिळणे दुर्मिळच. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांनी मात्र आणखी एक दार ठोठावून पाहावे. दिव्यांग कायद्याखालील राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत, आणि तेथे तक्रार नेण्यासाठी वकील लागतोच असे नाही.