दशा आणि भुक्ती : आयुष्याची प्रकरणे पाडण्याचा इतिहास

मराठीत 'दशा' हा शब्द आपण बहुधा वाईट अर्थानेच वापरतो. 'काय ही दशा झाली', 'दुर्दशा', आणि घराघरांत शिवीच्या पदाला पोहोचलेली 'अवदसा' ही सगळी एकाच कुळातली. संस्कृतात मात्र या शब्दाचा मूळ व्यवहार विणकराच्या घरचा आहे. दशा म्हणजे वस्त्राच्या काठाला सुटलेले धागे. मराठीत आजही कापडाची 'दशी' निघते ती हीच. त्यावरून दिव्याची वात म्हणजे दशा, आणि पुढे आयुष्याची अवस्था म्हणजे दशा. काठाचा धागा, जळत सरणारी वात आणि माणसाच्या आयुष्याचा एक टप्पा हे तिन्ही अर्थ एका शब्दात नांदत होते, आणि ज्योतिष्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांना तो आयताच मिळाला. ग्रहांना आयुष्याचे एकेक खंड वाटून देणारी जी पद्धती भारतीय फलज्योतिषात 'दशा' म्हणून ओळखली जाते, तिच्या इतिहासाविषयी येथे लिहावयाचे आहे. ती खरी की खोटी एवढ्या एकाच प्रश्नाभोवती आपल्याकडील चर्चा फिरत राहते. साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून निराळा एक प्रश्न पडावा असे आम्हांस वाटते. माणसाचे आयुष्य प्रकरणांत विभागून सांगण्याची ही रीत कशी घडली, आणि घडताना तिने नेमके काय बदलले?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. जुन्या आत्मचरित्रांत, पत्रांत, कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडी 'शनीची दशा' आणि 'साडेसाती' हे शब्द सरमिसळ येतात आणि वर्गात शिकवताना आपणही ते समानार्थी म्हणून सोडून देतो. वस्तुतः साडेसाती हा गोचराचा, म्हणजे आकाशात आज चालणाऱ्या शनीचा विषय आहे. जन्मराशीच्या मागील, त्या आणि पुढील अशा तीन राशींतून शनी जातो तेव्हा साडेसात वर्षे होतात आणि सुमारे तीस वर्षांनी ती पुन्हा येतात. 'शनिमाहात्म्या'तील विक्रमराजाची कथा या साडेसातीची आहे. महादशेचा मात्र आजच्या आकाशाशी काही संबंध नाही. जन्मक्षणी चंद्र कोठे होता एवढे एकदा ठरले, की पुढचे सारे वेळापत्रक कागदावर तयार होते. त्यातली शनीची दशा १९ वर्षांची असते आणि ती एकदाच येते, किंवा येतच नाही. आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेल्या माणसाला शनीची दशा गाठण्यासाठी ८४ ते १०१ वर्षे जगावे लागेल. त्याला साडेसाती दोनदा-तीनदा भेटेल, शनीची दशा बहुधा कधीच नाही.

आज 'दशा' म्हटले की जी विंशोत्तरी डोळ्यांपुढे येते ती प्राचीनतम नव्हे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील वराहमिहिर, ज्याच्या 'पंचसिद्धान्तिके'तील गणिताचा आरंभ शके ४२७ म्हणजे इ. स. ५०५ हा आहे, त्याने आपल्या 'बृहज्जातका'त आयुर्दायाचा अध्याय आधी आणि दशेचा अध्याय त्याला लागून दिला आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आयुर्दाय म्हणजे आयुष्याचे दान. प्रत्येक ग्रह, आणि त्यांच्याबरोबर लग्नही, कुंडलीतील आपल्या स्थितीनुसार काही वर्षे देतो. त्या दानांची बेरीज म्हणजे माणसाचे आयुष्य, आणि ज्याने जितकी वर्षे दिली तितकी त्याची दशा. माणसाची व हत्तीची परमायुमर्यादा १२० वर्षे आणि ५ रात्री, घोड्याची ३२ वर्षे, असा हिशेबही तेथे आहे. मतभेदही तेथे मोकळेपणाने नोंदलेले आहेत. मय, यवन, मणित्थ यांचे मत एक, जीवशर्म्याचे दुसरे (तो परमायूचा सातवा हिस्सा प्रत्येक ग्रहाला देऊन मोकळा होतो) आणि सत्याचार्यांचे तिसरे. वराहमिहिराचा कल सत्याचार्यांकडे आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या पद्धतीत दशांचा तक्ता जेथे संपतो तेथे माणूसही संपतो. दशा सांगणे म्हणजे मृत्यूची तारीख सांगण्याची पूर्वतयारी होती.

याच अध्यायात आणखी एक गणना आहे, ती नैसर्गिक दशेची. तिच्यात चंद्राला १ वर्ष, मंगळाला २, बुधाला ९, शुक्राला २०, गुरूला १८, सूर्याला २० आणि शनीला ५० अशी वाटणी आहे. बेरीज १२०. ही व्यक्तीची कुंडली पाहत नाही, मनुष्यमात्राचे वय पाहते. अंगावर पिणारे मूल चंद्राचे, शिकणारा मुलगा बुधाचा, तरुण शुक्राचा, आणि सत्तरीनंतर सारे शनीचे. या वाटणीशेजारी दुसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीची वाटणी ठेवून पाहावी. त्याने चंद्राला ४, बुधाला १०, शुक्राला ८, सूर्याला १९, मंगळाला १५, गुरूला १२ अशी वर्षे दिली आणि उरलेले आयुष्य शनीच्या हवाली केले. बेरीज केली तर तेथे शनीचा अंमल ६८व्या वर्षी सुरू होतो, येथे ७०व्या. आकडे निराळे, क्रम काहीसा निराळा, पण बाल्य चंद्राचे आणि वार्धक्य शनीचे ही चौकट एकच. ज्या ग्रंथात 'केंद्र', 'पणफर', 'आपोक्लिम' हे ग्रीक शब्द संस्कृत वेष घालून वावरतात, त्यात हे साम्य आढळले तर आश्चर्य नाही. ग्रीकांकडे अशा ग्रहाला 'काळाचा राजा' या अर्थाचा शब्द होता. आपल्याकडे तो दशाधिपती झाला. उसनवारी मान्य करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण खुद्द वराहमिहिराला तो वाटला नव्हता. यवनांची मते तो नाव घेऊन सांगतो.

पण उसन्या चौकटीवर थांबले असते तर हा इतिहास येथेच संपला असता. पुढे जे घडले ते पूर्णपणे येथले आहे. पाराशरी परंपरेत दशा राशींवरून सुटून नक्षत्रांवर आली. नक्षत्रे सत्तावीस, ग्रह नऊ. प्रत्येकाच्या वाट्याला तीन. कृत्तिकेपासून मोजत सूर्य ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७ आणि शुक्र २०, अशी १२० वर्षांची ही विंशोत्तरी. हा क्रम वारांचाही नाही आणि ग्रहांच्या अंतरांचाही नाही. ग्रंथ हे आकडे देतात, त्यांची उपपत्ती देत नाहीत. पण दोन खुणा मात्र बोलक्या आहेत. पहिली कृत्तिकांची. सिद्धान्तकाळापासून आपली नक्षत्रमाला अश्विनीपासून सुरू होते. कृत्तिका पहिल्या, ही वैदिक वाङ्मयातील जुनी गणना. ज्या कृत्तिकांच्या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त प्राचीन काळ ठरवू पाहिला, त्याच या. दशापद्धती उशिराची असली तरी तिने दार मात्र जुन्या घराचे वापरले. दुसरी खूण राहू-केतूंची. वराहमिहिराच्या दशेत सात ग्रह आणि लग्न होते. विंशोत्तरीला नऊच्या नऊ हवेत, त्याशिवाय सत्तावीसला भागच जात नाही. छायाग्रहांना पूर्ण नागरिकत्व मिळाल्यावरच ही पद्धती उभी राहू शकते.

या स्थलांतरात एक मोठा बदल झाला आणि तो फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. वराहमिहिराकडे प्रत्येकाच्या दशांची लांबी वेगळी होती. विंशोत्तरीत लांबी सर्वांना सारखीच, फक्त प्रवेशाचे ठिकाण वेगळे. जन्मकाळी चंद्र नक्षत्राचा जितका भाग चालून गेला असेल तितकी दशा 'भुक्त', उरलेली 'भोग्य'. जुन्या जन्मपत्रिकांत कुंडलीच्या चौकटीखाली भोग्य वर्षे, मास, दिवस लिहिलेले असतात ते याचेच. म्हणजे १२० वर्षांचे एक चक्र आधीपासून फिरते आहे आणि प्रत्येक जण त्यात कोठेतरी मध्येच चढतो, कोठेतरी मध्येच उतरतो. पूर्ण चक्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. तक्त्याचा शेवट म्हणजे आयुष्याचा शेवट हे समीकरण त्यामुळे तुटले. मृत्यूची चौकशी मारकेशांच्या निराळ्या खात्यात गेली आणि दशेचे मुख्य काम विवाह, संतती, प्रवास, पदप्राप्ती, विपत्ती यांच्या वेळा सांगणे हे झाले. 'किती' या प्रश्नाची जागा 'केव्हा' या प्रश्नाने घेतली. गणिताकडून कथनाकडे झालेला हा प्रवास आम्हांस या इतिहासाचा गाभा वाटतो.

विंशोत्तरी ही एकटी नव्हती. अष्टोत्तरी १०८ वर्षांची असून ती केतूला वगळते आणि अभिजित धरते. बंगालकडे तिचा मान मोठा. योगिनी दशा ३६ वर्षांची. मंगला १, पिंगला २ असे चढत चढत संकटा ८ वर आठ योगिनींची फेरी पूर्ण होते, आणि नेपाळ व हिमालयाच्या कुशीतील प्रदेशांत ती आवडती आहे. 'लघुपाराशरी' हा चाळीसएक श्लोकांचा छोटा ग्रंथ मात्र आरंभीच बजावतो, की येथे विंशोत्तरीच घ्यावयाची, अष्टोत्तरी नव्हे. असे बजावावे लागते याचाच अर्थ वाद चालू होता.

महादशेच्या पोटात अंतर्दशा असते. तिला भुक्ती असेही म्हणतात. गुप्तकालीन ताम्रपटांत 'पुण्ड्रवर्धनभुक्ती' अशी प्रांतांची नावे येतात. राजाने ज्याचा उपभोग घ्यावयाचा तो प्रदेश म्हणजे भुक्ती. एक शब्द दुसऱ्यावरून आला असे आम्ही म्हणत नाही, पण दोन्ही एकाच धातूचे आणि एकाच कल्पनेचे आहेत. महादशेचा स्वामी सम्राट, अंतर्दशेचा स्वामी त्याचा मांडलिक, आणि त्यांचे पटते की बिनसते यावर प्रजेचे, म्हणजे आपले, बरेवाईट अवलंबून. हिशेबाची तोंडी युक्ती तर पाठशाळेतील मुलालाही येण्याजोगी होती. दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करावा, शेवटचा अंक तिप्पट करून दिवस घ्यावेत, उरलेले महिने. शनीत शनी म्हणजे १९ गुणिले १९, ३६१. म्हणून ३६ महिने आणि ३ दिवस. पुढे प्रत्यंतर, सूक्ष्म, प्राण अशी उतरंड लागते. सूर्यात सूर्यात सूर्य हा काळ साडेपाच दिवसांहूनही कमी.

एवढी सूक्ष्मता आली, की पायाकडे पाहावेच लागते. चंद्राला एक नक्षत्र ओलांडण्यास सरासरी २४ तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. त्यामुळे शुक्राच्या नक्षत्रावर जन्म झाला असता जन्मवेळेत एका घटिकेची चूक झाली तर दशा चार महिन्यांनी सरकते. वर्ष ३६० दिवसांचे धरावे की ३६५¼ दिवसांचे, हा वाद निराळाच. १२० वर्षांत तो ६३० दिवसांचा फरक पाडतो. आणि सर्वांत मोठा तडा महाराष्ट्रातच उघडा पडला. केरूनाना छत्र्यांच्या पटवर्धनी पंचांगाने राशिचक्राचा आरंभ रेवतीतील एका ताऱ्यापासून धरला आणि तीच वाट पुढे टिळक पंचांगाने चालविली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्षाची बाजू घेतली. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधार समितीने अधिकृत पंचांगासाठी चित्रेजवळचाच अयनांश स्वीकारला. दोन्ही पक्षांत अंतर सुमारे ४ अंशांचे. सणावारांच्या वादात ते अधिक मासापुरते जाणवते, दशेत मात्र ते आयुष्य हलवते. चित्रापक्षाने ज्याचा चंद्र भरणीच्या बरोबर मध्यावर आहे त्याची शुक्राची भोग्य दशा १० वर्षे, रेवतीपक्षाने ४. पहिल्या हिशेबाने त्याच्या आयुष्यात राहू ३३व्या वर्षी शिरतो, दुसऱ्या हिशेबाने २७व्या. एकाच गावात, एकाच आळीत, दोन पंचांगे वापरणाऱ्या दोन जोशांनी एकाच माणसाला सहा वर्षांच्या अंतराची दोन चरित्रे लिहून दिली असतील, आणि दोन्ही त्याला पटलीही असतील.

पटली असतील, यातच सगळे आले. २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील ज्योतिष्यांची पत्रिकांवरून चाचणी घेतली. ती दशांविषयी नव्हती, पण तिचा निकाल नाणे उडवून मिळणाऱ्या निकालाहून सरस आला नाही. भाकीत म्हणून दशापद्धतीच्या बाजूने उभे राहण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. मुलीचे लग्न 'गुरूची दशा लागेपर्यंत' थांबवून ठेवलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि त्या थांबण्याची किंमत कोणी मोजली हेही पाहिले आहे. त्या मुलीच्या आयुष्याचे प्रकरण दुसऱ्यानेच पाडलेले होते.

तरीही, कागदावरच्या या तक्त्याने शेकडो वर्षे सामान्य माणसाला एक गोष्ट दिली, जी एरवी फक्त राजांना आणि संतांना मिळत होती. त्याच्या आयुष्याला आराखडा आहे, त्यातील वाईट काळाला आरंभ आहे आणि, मुख्य म्हणजे, शेवटची तारीख आहे. बखर राजाची लिहिली जाई, चरित्र संताचे; शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या आयुष्याचा लिखित आराखडा म्हणून एकच कागद घरात असे, आणि तो जोशाने लिहिलेला असे. आपल्याकडे आत्मचरित्र उशिरा आले असे आपण शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते येण्यापूर्वी माणसे स्वतःकडे प्रकरणशः पाहत नव्हती असे मात्र शिकवू नये. ट्रंकेच्या तळाशी पिवळी पडलेली जन्मपत्रिका सापडली, तर ती टाकून देण्यापूर्वी तिच्यातील दशांच्या रकान्यांशेजारी वडीलधाऱ्यांनी बारीक अक्षरात काही लिहिले आहे का ते पाहावे. लग्न, बदली, मुलगा गेला, घर बांधले अशा नोंदी तेथे असतील तर पुढचे भाकीत वाचू नये. त्या नोंदी वाचाव्यात.