सकळ लिपी ते शोधगंगा : ग्रंथ सापडण्याचा इतिहास



आजच्या विषयाचे नाव जरा जड आहे : संशोधकांसाठीच्या डिजिटल शोधसेवा. सोपे करून सांगायचे तर प्रश्न एवढाच, की इथे चांदूर बाजारात बसून अभ्यास करणाऱ्या माणसाला आपल्या विषयावर आधी काय काय लिहिले गेले आहे हे कळते कसे? आणि कळल्यावर ते हाती येते कसे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आम्हा लोकांना भेद पाडण्याची खोड असतेच, पण हा भेद कामाचा आहे. ग्रंथ आहे हे कळणे ही पहिली पायरी, तो मिळणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांमधले अंतर कसे कमी होत गेले आणि कुठे अजून तसेच आहे, एवढेच आज पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. सुरुवात इथून पूर्वेला, अगदी जवळच्या रिद्धपूरपासून करता येते.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्राचे काम हाती घेतले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याजवळ होत्या, त्यांना गाठायचे, विचारायचे, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचे, मग लिहायचे. आज ज्याला आपण क्षेत्रीय संशोधन म्हणतो ते मराठीत इथे सुरू झाले. पुढे मूळ प्रत धाडीत गेली आणि पंथातल्या लोकांनी स्मरणाने ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. म्हणून तर एका ग्रंथाचे इतके पाठ झाले.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यातली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. तत्त्व साधे : एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. पोथी मठात आहे, समोर उघडी आहे, अक्षरे देवनागरीच्या वळणाची दिसताहेत, पण किल्ली नसेल तर एक शब्द लागत नाही. त्यामुळे आद्य मराठी गद्याचा हा ठेवा काही शतके पंथाबाहेरच्या अभ्यासकांना असून नसल्यासारखा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीची किल्ली उलगडली, आणि मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांना वाट मोकळी झाली. कोलत्यांनी अनेक पोथ्या ताडून संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली छापून आले. ही सकळ लिपी ध्यानात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

दुसरे उदाहरण याच तालुक्यातले, माधानच्या गुलाबराव महाराजांचे. जन्म १८८१, देहावसान १९१५. उणेपुरे चौतीस वर्षांचे आयुष्य, आणि दृष्टी गेली ती काही महिन्यांचे असतानाच. तरीही शंभरावर रचना त्यांच्या नावावर आहेत. वेदान्ताबरोबर डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी समाचार घेतला. हे कसे झाले? ते ग्रंथ इतरांकडून वाचून घेत. आज यंत्राकडून आपण मागतो ते काम त्यांच्या भोवतीची माणसे करत होती : ग्रंथ शोधायचा, आणायचा, वाचून दाखवायचा, पुन्हा लागला की पुन्हा काढायचा. ज्ञानसाधनेत मध्यस्थाचे काम कमी प्रतीचे नसते, हे यावरून दिसते.

आता आमच्या पिढीकडे येऊ. अमरावतीला विद्यापीठ आले १ मे १९८३ रोजी. त्याआधी इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे संशोधन करायचे म्हणजे नागपूरची एस.टी. धरायची. ग्रंथालयात लाकडी खणांमध्ये तालिकापत्रे असत. एक लेखकाच्या नावाने, एक शीर्षकाने, एक विषयाने. बोटांना धूळ लागायची, पण कार्डावर जे होते ते कपाटात बहुधा असायचे. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात काय आहे हे मात्र पोस्टकार्ड पाठवून विचारावे लागे, आणि उत्तराची वाट पाहावी लागे.

मराठीपुरती एक मोठी सोय होती : शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची नोंद पहिल्या खंडात, १९३८ ते १९५० ची दुसऱ्या खंडात. दात्यांनी ग्रंथालये पालथी घालून ही सूची केली. ज्याला दाते सूची ठाऊक होती त्याला निदान पहिली पायरी चढता येत होती. आम्ही तर म्हणू, की मराठीतली पहिली मोठी शोधसेवा तीच. तिला वीज लागत नव्हती, एवढेच.

संगणकाचा काळ आपल्याकडे आला तो पुण्यातून. १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातली विद्यापीठीय ग्रंथालये एका जाळ्यात जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि तो खगोलशास्त्राच्या आयुका या केंद्रात रुजवला. त्याचे नाव इन्फ्लिबनेट. १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झाले, आज ते गांधीनगरला आहे. २००४ साली विद्यापीठांना विदेशी नियतकालिके सामायिक वर्गणीतून मिळू लागली. त्याच साली गूगल स्कॉलरही आले. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणे बंधनकारक केले, आणि त्यातून शोधगंगा उभी राहिली. २०१० साली महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आली. ६,००० वर नियतकालिके आणि लाखभरावर पुस्तके, तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकालाही, पासवर्ड टाकला की उघडतात.

याचे मोल कमी लेखू नये. पूर्वी विद्यापीठाच्या कपाटात प्रबंध गेला की तो जवळजवळ समाधिस्थ होई. दुसऱ्या विद्यापीठात त्याच विषयावर दुसरा माणूस पुन्हा तेच काम करी, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसे. शोधगंगेवर आज लाखो प्रबंध कुणालाही, पैसे न देता, घरबसल्या वाचता येतात. मार्गदर्शकांना आणि परीक्षकांनाही आता जपून राहावे लागते, हा तिचा वेगळा फायदा.

मग अडचण कुठे आहे? शोधयंत्र ग्रंथ वाचते असा आपला समज असतो. पुष्कळदा ते फक्त ग्रंथाची नोंद वाचते : शीर्षक, लेखक, वर्ष, विषय. नोंद धड नसेल तर ग्रंथ असून सापडत नाही. आता मराठी नाव रोमन अक्षरांत नोंदवले, तर ‘ज्ञ’ कुणी जे-एन लिहितो, कुणी डी-एन-वाय, कुणी जी-वाय. रिद्धपूर कुणी ऋद्धिपूर लिहितो. वऱ्हाड शोधाल तर इंग्रजी अमदानीतले काही मिळणार नाही, तिथे बेरार टाकावे लागते. गुलाबराव महाराज कुठे प्रज्ञाचक्षु, कुठे मधुराद्वैताचार्य, आणि ते स्वतःला म्हणवीत ज्ञानेश्वरकन्या. ही सगळी एकाच माणसाची नावे आहेत हे यंत्राला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. ग्रंथपालाच्या व्यवसायात याला नामनियंत्रण म्हणतात. ते माणसालाच करावे लागते.

आणि आता सकळ लिपीकडे परत येऊ. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, मराठी प्रबंध टंकलिखित झाले ते निरनिराळ्या खासगी फॉन्टांमध्ये. छापले की उत्तम मराठी दिसते. पडद्यावर ‘चक्रधर’ दिसते. पण यंत्राच्या पोटात तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. एका अक्षराच्या जागी दुसरे! तुम्ही ‘चक्रधर’ शोधा, तो प्रबंध उत्तरच देणार नाही. काही प्रबंध तर नुसती पानांची छायाचित्रे आहेत. महानुभावांनी परकीयांच्या भीतीने, बुद्ध्या, ग्रंथ झाकून ठेवले. आपण आपलेच संशोधन नकळत झाकून ठेवले, आणि तेही सर्वांसाठी खुल्या असलेल्या ठिकाणी. फरक एवढाच, की त्या लिपीची किल्ली शोधायला राजवाडे लागले. या फॉन्टांच्या किल्ल्या, म्हणजे युनिकोडात रूपांतर करणारे प्रोग्राम, आपल्या हातात आहेत. फिरवायला कुणी बसत नाही.

दुसऱ्या पायरीचेही पाहू. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. काम मोठे आहे आणि स्वागतार्ह आहे. पण योजनेची भाषा केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांची आहे, आणि वऱ्हाडातली बहुतेक महाविद्यालये, पंजाबराव देशमुखांच्या काळापासून, शिक्षण संस्थांनी उभी केलेली आणि चालवलेली आहेत. इथल्या अनुदानित कॉलेजातला संशोधक कोणत्या दाराने आत जाणार, हा प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे. शिवाय त्या तेरा हजारांत आपले ‘परामर्श’ किंवा ‘नवभारत’ नाही. जगाचे ज्ञान आपल्याकडे यावे यासाठी हजारो कोटी, आणि आपले ज्ञान आपल्यालाच सापडावे यासाठी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत आहे.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. रिद्धपूरला २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. शेजारी मठांमध्ये पोथ्या आहेत, माधानच्या परंपरेतल्या घरांत जुन्या आवृत्त्या आहेत, गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत दात्यांच्या सूचीनंतरची कितीतरी पुस्तके आहेत. महाविद्यालयांनी दरवर्षी चार विद्यार्थ्यांना एवढेच काम द्यावे : ग्रंथाचे नाव देवनागरीत, लेखकाची सगळी नावे, वर्ष, मुद्रणालय, आणि प्रत कुठे आहे तो पत्ता. युनिकोडात, एकाच नमुन्यात. मालकाची प्रत मालकाकडेच राहील, नोंद सर्वांची होईल. आणि विद्यापीठाने आपल्या जुन्या मराठी प्रबंधांचे रूपांतर करून ते शोधगंगेवर पुन्हा चढवावेत.

यंत्र उद्या आणखी हुशार होईल. पण जे कुणी कधी नोंदवलेच नाही, ते कितीही हुशार यंत्राला सापडणार नाही. म्हाइंभटांनी माणसे गाठली, दात्यांनी ग्रंथालये गाठली. आपल्याला शेजारच्या वाड्याचे कपाट उघडायचे आहे. ते कपाट वाळवीच्या आधी उघडावे, एवढीच विनंती करून थांबतो.