सीतेची आसवं

सीतेची आसवं : सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी, जेमतेम वीतभर उंचीची रानवनस्पती. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया परप्युरॅसेन्स. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कास पठारावर सप्टेंबरात तिच्या निळ्या-जांभळ्या फुलांनी कातळ झाकून जातो. सांगलीकडे चांदोलीच्या जंगलातही असे सडे आहेत; कास आणि चांदोली ही दोन्ही ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. फूल नखाएवढं, मध्ये पांढरट ठिपका, मागे शिंगासारखी टोकदार नळी. एवढंसं हे रोप शिकार करतं, म्हणून मुलांना ते राक्षसी वाटतं. पण त्याच्या शिकारीचं कारण त्याच्या पायाखालच्या जमिनीत आहे. जांभ्या कातळावर माती बोटभर, तीही मुसळधार पावसाने धुतलेली. नत्र आणि स्फुरद उरतं ते फार थोडं. रोपाला खरी मुळं नसतात. चिखलात त्याचे दोऱ्यासारखे धागे पसरतात आणि त्यांवर मोहरीहून बारीक फुगे असतात. युट्रिक्युलॅरिया या नावामागच्या लॅटिन शब्दाचा अर्थच छोटी पखाल. फुगा आतलं पाणी बाहेर टाकतो, तेव्हा दाबून धरलेल्या ड्रॉपरच्या रबरी टोपीसारख्या त्याच्या भिंती आत जातात. दारावरच्या केसांना एखादा सूक्ष्म जलजीव लागला की दार उघडतं, भिंती ताडकन पूर्ववत होतात आणि पाण्यासकट तो जीव आत खेचला जातो. पापणी लवायला लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात हे घडतं, इतक्या झटकन की १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या डार्विनलाही वाटलं, जीव स्वतःच डोक्याने दार ढकलून आत शिरतो.

हिरव्या रोपाला शिकार हवीच कशाला, असं कोणी विचारेल. उन्हातून त्याला भाकरी मिळते, डाळ, म्हणजे नत्र आणि स्फुरद, मिळत नाही. ती या जिवांकडून येते. मग परागकण नेणारे कीटकही हे खात असेल? नाही. फुगे चिखलात आणि फूल वर, देठाच्या टोकाला, म्हणून पाहुणा सुखरूप परततो. तिसरा आक्षेप मोठ्या माणसांचा असतो : सडा तर पडीक, तिथे माती टाकून झाडं लावावीत. हेतू चांगला आहे, पण त्याने हे फूल जाईल. माती आणि खत आलं की उंच गवत नि झुडपं माजतात आणि ऊन अडवतात; भरपूर अन्नाच्या जागी वीतभर रोपाचा निभाव लागत नाही. इथे मोकळा, ओला, गरीब कातळ हेच त्याचं घर. तो तुडवला तरी फुगे चिरडतात, म्हणून फुलं पायवाटेवरूनच पाहावीत. पाऊस ओसरला की रोप वाळतं, धुळीसारखं बारीक बी सांडतं, आणि एप्रिलमध्ये काळ्या, तापलेल्या सड्यावर काहीच नाही असं वाटतं, तेव्हा ते बी तिथल्याच फटींत पहिल्या पावसाची वाट पाहत असतं.