मागे काय चिरचिरतंय? आवाजातल्या कचऱ्याची दीडशे वर्षांची गोष्ट

(हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना अडखळलेले भाग काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज सुरुवात एका तक्रारीने. गेल्या महिन्यात आपण पॉडकास्टचं नवीन सुरुवातीचं संगीत लावलं. तंबोरा, पखवाज आणि वर थोडी बासरी, सगळं एआयकडून बनवून घेतलेलं. मी खूश होतो. आठवड्याभरात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला, "दादा, एपिसोड मस्त, पण सुरुवातीला तंबोऱ्याच्या मागे काहीतरी चिरचिरतंय. काचेवर वाळू घासल्यासारखं."

मी हेडफोन लावून ऐकलं. आणि हो, चिरचिरत होतं! एकदा कानाला कळलं की मग दुसरं काही ऐकूच येईना. ते काढायला मी तीन रात्री घालवल्या. त्या तीन रात्रींत एक गोष्ट लक्षात आली. आपण ज्याला एआयचा नवा प्रॉब्लेम म्हणतोय, तो १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ बनवला तेव्हापासून चालत आलेला आहे. फक्त दर वेळी त्याने कपडे बदललेत.

लाखेची तबकडी

चला, १९०२ च्या कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग मशीन घेऊन आलाय आणि समोर गौहर जान गातायत. मायक्रोफोन नाही, वीज नाही. समोर एक मोठा कर्णा, त्यात तोंड घालून मोठ्याने गायचं. आवाजाच्या जोरानेच सुई हलणार आणि मेणावर रेघ उमटणार. वेळ साधारण तीन मिनिटं. मग ते मेण जर्मनीत हॅनोव्हरला जाणार, तिथे तबकड्या छापल्या जाणार. शेवटी गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगतात, ते आजही ऐकू येतं.

आणि त्या आवाजाच्या मागे असतो तो "खर्रर्र". तो येतो कुठून? तबकडी लाखेची असायची आणि त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची. पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी, हेही त्या पुडीचं एक काम. म्हणजे सुईला आकार देणारी गोष्टच आवाजात खरखर घालत होती.

हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. आवाजातला कचरा बाहेरून येऊन पडत नाही. जिथे आपण काटकसर किंवा सोय केली, नेमका तिथूनच तो येतो.

भारतात राहून गेलेला डॉल्बी

आता टेपचा जमाना. टेपवर खरखर नाही, पण "स्स्स्स" असतो. टेपवरचे चुंबकीय कण काही गाणं नसतानाही थोडा आवाज करतातच. कॅसेट आली १९६३ मध्ये. पट्टी अरुंद, वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरहूनही कमी. खिशात मावावी म्हणून जागा कमी केली आणि "स्स्स" वाढला. पुन्हा काटकसर!

यावर उपाय काढला रे डॉल्बी या इंजिनिअरने. हो, सिनेमागृहात नाव दिसतं तोच डॉल्बी. आणि हो, आपल्या मिरवणुकीत भिंती हलवणाऱ्या प्रकाराला आपण ज्याच्या नावाने ओळखतो तोही हाच. बिचाऱ्याचं आयुष्य आवाज शांत करण्यात गेलं आणि महाराष्ट्रात त्याच्या नावाचा अर्थ बरोबर उलटा झाला. १९६३ ते १९६५ हा माणूस संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात राहत होता. इथून लंडनला जाऊन १९६५ मध्ये त्याने डॉल्बी लॅबोरेटरीज काढली.

त्याची युक्ती साधी आहे. टेपचा "स्स्स" ऐकू येतो तो गाणं हळू असताना. मोठ्या आवाजात तो झाकला जातो. मग रेकॉर्ड करतानाच हळू भाग मुद्दाम मोठा करायचा, आणि वाजवताना तेवढाच परत खाली आणायचा. गाणं मूळ पातळीवर येतं आणि त्याच्यासोबत टेपचा "स्स्स"ही खाली जातो. १९६८ मध्ये घरगुती वापरासाठी डॉल्बी बी आलं. घरी जुना डेक असेल तर त्यावर ते बटण बघा.

पण त्यातही गंमत होती. डॉल्बीने भरलेली कॅसेट बटण बंद ठेवून वाजवली की गाणं कर्कश लागायचं. उलट केलं की मंद, गोधडीखालून आल्यासारखं. साफसफाईची पद्धत चुकली की सफाईच नवा कचरा होते.

सफाईतून जन्मलेलं "संगीत"

१९७९ मध्ये स्टीव्हन बोल या संशोधकाने संगणकाने गोंगाट काढायची एक पद्धत मांडली, स्पेक्ट्रल सबट्रॅक्शन. म्हणजे काय? माणूस बोलत नसेल तेवढा तुकडा घ्या. तिथे जे ऐकू येतं तो गोंगाट. कोणत्या पट्टीत किती गोंगाट आहे हे मोजा आणि पूर्ण रेकॉर्डिंगमधून तेवढा वजा करा. पाचवीतली वजाबाकी!

अडचण अशी की गोंगाट दर क्षणी थोडा वरखाली होतो आणि आपण वजा करतो सरासरी. त्यामुळे इथे तिथे बारीक टोकं शिल्लक राहतात. ती क्षणभर वाजतात आणि विझतात. कानाला वाटतं कुणी लांब घुंगरू उडवतंय, किंवा पाण्याखाली बुडबुडे फुटतायत. इंजिनिअर लोकांनी याला नाव दिलं "म्युझिकल नॉइज". व्हिडिओ कॉलवर मागचा पंखा गायब होतो पण समोरच्याचा आवाज बादलीतून आल्यासारखा लागतो ना? त्याच कुटुंबातलं.

या पद्धतीचं एक गृहीतक आहे: जे सतत एकसारखं वाजतंय ते नको असलेलं. आता सांगा, आपल्या संगीतात सतत एकसारखं काय वाजतं? येतो त्यावर.

एमपीथ्री आणि आघाताच्या आधीचा आघात

ऐंशीच्या दशकात जर्मनीत एर्लांगेनला कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळी गाणी लहान करायच्या मागे लागली. सीडीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, त्यांना ते १२८ च्या आसपास आणायचं होतं. म्हणजे अकरा भागांतला एक ठेवायचा. काय फेकायचं? मोठ्या आवाजाखाली जे कानाला तसंही ऐकू येत नाही ते.

ब्रांडेनबुर्गने चाचणीला सुझॅन व्हेगाचं "टॉम्स डायनर" घेतलं. वाद्यं नाहीत, फक्त गळा. सुरुवातीला ते भयानक वाजलं, कारण एकट्या आवाजाच्या मागे कचरा लपायला जागाच नव्हती. तेच गाणं ऐकत ऐकत त्यांनी पद्धत सुधारली.

दुसरा त्रास ठोक्याच्या वाद्यांचा. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करतं, एकेक साधारण १३ मिलिसेकंदांचा. तुकड्यात झालेली चूक पूर्ण तुकड्यावर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी असेल, तर चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेतही ऐकू येते. म्हणजे तबल्याचा "ना" वाजायच्या आधीच त्याची सावली येते! उपाय म्हणून ठोका आला की तुकडे आखूड करायची सोय केली गेली.

आता एआय

तर आजचा चिरचिराट. त्याची तीन मुळं आहेत.

पहिलं, प्रचंड काटकसर. एआयला सेकंदाचे हजारो आकडे एकेक करून लिहायला लावणं फार महाग पडतं. २०१६ चं वेव्हनेट तसंच करायचं, सेकंदाला १६,०००. म्हणून पुढे आवाज आधी आकुंचित करून मग शिकवायची पद्धत आली. २०२० मध्ये ओपनएआयने ज्यूकबॉक्स आणलं, तेव्हा एक मिनिट गाणं तयार व्हायला सुमारे ९ तास लागायचे आणि त्यातला गोंगाट त्यांनी स्वतःच कबूल केला होता. २०२३ मध्ये मेटाचं म्युझिकजेन आलं. त्यात एका सेकंदाच्या ३२,००० नमुन्यांच्या जागी फक्त २०० आकडे असतात. त्या २०० वरून ३२,००० पुन्हा "आठवायचे". पखवाजाची थाप, बासरीतली फुंकर आणि मागचा "स्स्स" यांना तिथे एकच जागा मिळते, आणि मग ते एकमेकांत मिसळतात.

दुसरं, फेज. डिसेंबर २०२२ मधलं रिफ्यूजन आठवतंय? ते गाण्याचं चित्र काढायचं. कोणत्या क्षणी कोणती पट्टी किती जोरात, एवढं चित्रात असतं. पण ती लाट त्या क्षणी चढावर आहे की उतारावर, हे त्यात नसतं. ते अंदाजाने भरावं लागतं, आणि त्यासाठी त्यांनी १९८४ ची ग्रिफिन-लिम पद्धत वापरली. अंदाज चुकला की आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा लागतो.

तिसरं मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. थोड्या आकड्यांवरून जास्त आकडे करताना आत एक ठरावीक शिक्का पुन्हा पुन्हा मारला जातो. ठसे एकमेकांवर असमान पडतात. २०१६ मध्ये हे चित्रांत दाखवलं गेलं. एआयच्या चित्रात बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी दिसायची. आवाजात तीच जाळी ठरावीक पट्ट्यांवर बारीक सुरांसारखी येते. २०२५ मध्ये डीझरच्या संशोधकांनी दाखवलं की ही टोकं मॉडेलच्या रचनेतूनच येतात, कोणती गाणी शिकवली यावरून नाही. तेवढ्यावरून एआयचं गाणं ९९ टक्क्यांहून जास्त वेळा ओळखता येतं.

म्हणजे बघा, मी तीन रात्री जे पुसत होतो, त्याच्याच भावंडांवरून "हे माणसाने वाजवलेलं नाही" हे कळतं. माझं गाणं स्वच्छ व्हावं एवढंच मला हवं होतं. पण हेच काम एखादा खोटं गाणं खरं म्हणून विकायलाही करू शकतो.

मी काय केलं

पहिल्या रात्री गोंगाट काढणारं एक टूल लावलं. चिरचिर गेली. तंबोराही गेला! पखवाज आणि बासरी पोकळीत वाजत होती. आठवा, "जे सतत एकसारखं वाजतंय ते नको असलेलं". तंबोरा दुसरं काय करतो?

आणि तंबोऱ्याची जवारी काय असते? घोडीला अगदी सूक्ष्म उतार देतात, तारेखाली दोरा सरकवतात, मग तार घोडीला चाटून जाते आणि तो झणकार येतो. मिरजेचे कारागीर ती जवारी कानाने लावतात. वजाबाकी करणाऱ्या मशीनच्या भाषेत हा घासल्याचा आवाज, म्हणजे दोष. आपल्या भाषेत तोच तंबोऱ्याचा प्राण.

दुसऱ्या रात्री गाणं पुन्हा एआयमधून फिरवून "सुधारून" घेतलं. कॅसेटवरून कॅसेट काढल्यासारखं झालं, जुना दोष राहिला आणि वर नवा चढला. तिसऱ्या रात्री वाद्यं वेगळी केली. पखवाजाच्या ट्रॅकवर फक्त वरच्या पट्ट्या थोड्या दाबल्या, बासरीत जिथे चिरचिर वाढते तेवढ्याच जागी कात्री लावली. हे बऱ्यापैकी जमलं. तुम्ही करत असाल तर हाच क्रम ठेवा: आधी वेगळं करा, मग कमीत कमी कापा, आणि एमपीथ्री अगदी शेवटी बनवा.

तंबोरा मात्र सुधारेना. शेवटी मित्राच्या आईकडे गेलो. काकूंचा तंबोरा मिरजेचाच. पंखा बंद केला, मोबाईल उशीवर ठेवला आणि चार मिनिटं रेकॉर्ड केलं. आजच्या सुरुवातीला ऐकलात तो तोच. पखवाज-बासरी एआयची आहे आणि एपिसोडच्या माहितीत तसं लिहिलंय. चिरचिर पुसली तरी ही ओळ पुसायची नाही, असं मी ठरवलंय.

आता शेवटचं, आणि हे मनापासून. खूप जणांच्या घरी आजोबांच्या भजनाच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट आहेत. बिटल्सचं "नाऊ अँड देन" २०२३ मध्ये आलं, कारण लेननची जुनी घरगुती कॅसेट टिकली होती. नव्वदच्या दशकात त्यावर काम सुरू करून सोडून दिलं होतं. पुढे मशीनने पियानोतून गळा वेगळा केला. त्या वेळी कुणी घाईघाईने "साफ" करून मूळ टेप टाकून दिली असती, तर? म्हणून कॅसेट डिजिटल करताना आधी जशी आहे तशी, खरखरीसकट, वेव्ह फाइल करा आणि तिला हात लावू नका. सफाई करायची ती कॉपीवर. आजचं टूल ज्याला गोंगाट म्हणतंय, ती उद्या आजोबांच्या मागे वाजणारी एकतारी निघू शकते.

काकूंच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. ती काढायला मला दोन मिनिटं लागली असती. तुम्हाला ऐकू आली का, ते व्हॉइस मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!