समुद्रांतील हिमवर्षाव

‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत महासागरांच्या तळाचा गाळ वर काढला. त्यांतील कित्येक सूक्ष्म कवचें वरच्या पाण्यांतील जीवांचीं आहेत, असें जॉन मरे यांनीं दाखविलें. पण स्टोक्स यांच्या १८५१ च्या नियमाप्रमाणें अतिसूक्ष्म कणांस तळ गांठण्यास वर्षें लागावयाचीं. मग प्रवाहांनीं ते भलतीकडे कां नेले नाहींत?

१९५३ मध्यें सुझुकी व काटो या जपानी शास्त्रज्ञांनीं पाण्यांतून पडणाऱ्या कणपुंजांस ‘सागरी हिम’ हें नांव दिलें. पुढें उलगडा झाला: कण बहुधा एकटे बुडत नाहींत. पाण्याची खळबळ त्यांस एकमेकांवर आदळविते. चिकट कणांचे पुंज होऊन ते त्वरेनें बुडतात. मात्र खळबळ फार वाढली कीं तेच पुंज फुटतात. हवेंतील कर्ब खोल समुद्रांत किती जावा, हें कांहीं अंशीं या जोडण्या-तोडण्यावरच ठरतें.